रस्त्यापलीकडचं भिंग

गोकुळदास पार्सेकरने अठ्ठावीसचं भिंग घेतलं त्यामागे एक विचार होता. गोकुळदासचा विचार म्हटला की घरातली माणसं आधी बसून घेतात, कारण तो थोडक्यात आटपत नाही. विचार असा, की डिचोलीच्या बाजारातला आपला स्टुडिओ केवढा, तर काडेपेटीला दार लावल्यासारखा; आणि डिचोलीतली कुटुंबं केवढी, तर पंगत दोनदा उठवावी लागेल एवढी. जुन्या पन्नासच्या भिंगात आजी घेतली की आजोबा बाहेर राहत, आजोबा घेतले की जावई रुसे. कॅमेऱ्याच्या भिंगाचा आकडा जितका लहान तितका त्याचा पदर मोठा, म्हणून अठ्ठावीस. त्यातून त्या पावसाळ्यात पन्नासच्या भिंगाला आतून बुरशी धरली होती. गोव्यात बुरशी चपलांना धरते, शालूंना धरते, देवाच्या पितांबरालाही धरते. भिंगानंच काय घोडं मारलं होतं? शिवाय मे महिन्यात गोवा घटकराज्य झालेलं. सगळीकडे काहीतरी नवं करायची हवा होती. गोकुळदासने जाऊन म्हापशाहून नवं भिंग आणलं.

कुटुंबं मावली. त्याबद्दल त्याला बोल लावता येणार नाही. साखळीच्या एका घराण्याच्या फोटोत तर बोलचाल बंद असलेला चुलतासुद्धा कडेला मावला, आणि त्यावरून त्या घरात नव्यानं भांडण झालं.

अडचण आली ती एकट्या माणसाच्या फोटोत. चेहरा फोटोभर यावा म्हणून गोकुळदास कॅमेरा घेऊन पुढे सरके, आणखी सरके, गिऱ्हाइकाच्या श्वासानं भिंग धुरकट होईपर्यंत सरके. मग फोटो धुऊन निघाला की त्यात नाक आधी येई आणि बाकीचा माणूस मागाहून. बघता बघता डिचोलीत नाकं वाढली. एका मुख्याध्यापकांनी आपलाच फोटो हातात घेऊन "हे कोण?" असं विचारलं. पण मुख्याध्यापकांचं लग्न झालेलं होतं. संजनाचं व्हायचं होतं.

संजना ही गोकुळदासची धाकटी बहीण. तिचा फोटो दोन ठिकाणी जाऊन परत आला होता. पहिल्यांनी पत्रिका जुळत नाही असं सभ्य कारण दिलं. दुसऱ्यांनी मध्यस्थाच्या तोंडी सरळ निरोप धाडला, "मुलगी बरी आहे, पण नाकानं थोरली आहे." संजनाच्या आईनं तो निरोप ऐकून दोन दिवस कोणाशी बोलणं टाकलं. नाक गेलं असं म्हणायची सोय नव्हती. उलट ते फारच आलं होतं.

संजनाला त्या दोन्ही नकारांचं काही वाटलं नाही. पण तिसरं स्थळ पेडण्याचं निघालं, आणि ते श्रीनाथचं होतं. या श्रीनाथला तिनं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकदा पाहिलं होतं. मिरच्यांवर घासाघीस करून करून त्यानं विकणाऱ्या बाईला जेरीस आणलं, आणि तिनं वैतागून ओंजळभर जास्त टाकल्यावर घरी निघालेला तो परत फिरला आणि म्हणाला, "मावशे, चुकलीस गे, हें चड जालें." जास्तीच्या मिरच्या त्यानं मोजून परत केल्या. संजनानं ही गोष्ट आपल्या वहिनीला एकदाच सांगितली, पण पेडण्याला फोटो गेला का हे मात्र दोनदा विचारलं. वहिनीच्या ते ध्यानात राहिलं.

ही वहिनी म्हणजे गोकुळदासची बायको, सुमंगला. ती हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवायची. बोलणं कमी, आणि जे बोलेल ते पट्टीनं आखल्यासारखं. भिंगांचा धडा ती दर वर्षी शिकवत असे, फळ्यावर किरण काढून, बाण दाखवून. त्यामुळे संजनाच्या नाकाची बातमी बाजारात पसरली तेव्हा समोरचे शांतारामबाब तिला रस्त्यातच म्हणाले, "सुमंगलाबाय, भुरग्यांक भिंगां शिकयतात, आनी घरच्या नाकाचें कितें गो?" सुमंगलेला हे लागलं. पण तिला लागलं म्हणजे ती चिडत नसे. ती मोजायला घेई. घरी येऊन तिनं संजनाच्या फोटोवर पट्टी ठेवली. नाक वाढलं होतं हे साऱ्या डिचोलीनं पाहिलं होतं. कान लहान झाले होते, हे तिच्या एकटीच्या नजरेस आलं.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "नाक वाढलं ते समजा भिंगानं वाढवलं. मग कान कुणी कमी केले?"

"कानाचं कोण विचारतंय?" गोकुळदास म्हणाला. "कानावरून कुणी नकार दिलाय?"

पेडण्याला फोटो पाठवायचा होता आणि हा फोटो पाठवणं शक्य नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या स्टुडिओत बहिणीला न्यायचं, तर डिचोलीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. तेव्हा दुसरं भिंग घ्यायचं ठरलं, आणि कुठलं घ्यायचं हा प्रश्न गोकुळदासने चूक करून दुकानाच्या दारात उभं राहून मोठ्यानं विचारला.

शेजारच्या कमलाक्षीबायनी सांगितलं, भिंग नको, नथ घाला, नथीमागे नाक लपतं. नथ घालून फोटो काढला. नाक होतं तेवढंच राहिलं आणि नथ बांगडीएवढी झाली.

शांतारामबाबांचं समोर कापडाचं दुकान होतं. डोळ्यांवर जाड चष्मा. मोठ्या आकड्याचं भिंग चेहऱ्यासाठी बरं, पंच्याऐंशी किंवा एकशेपस्तीस, असं गोकुळदासनं कुठंसं वाचलेलं सांगताच ते हातातली कात्री खाली ठेवून म्हणाले, "म्हजो नंबर चार, तरी बस आयल्ली म्हाका दिसना. एकशेंपस्तीस नंबर म्हळ्यार तो मनीस आंधळोच मरे!" चष्म्याचा नंबर वेगळा आणि कॅमेऱ्याचा वेगळा, हे सुमंगलेनं त्यांना सावकाश समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी केली की पार्सेकरांचा कॅमेरा आंधळा झाला.

अशा वेळी हरमलहून पांडुरंगमामा आले. हे सुमंगलेच्या सासूबाईंचे, म्हणजे गोकुळदासच्या आईचे भाऊ. हरमलला किनाऱ्याजवळ त्यांच्या खोल्या होत्या आणि त्यांत गोरे लोक राहत. "म्हज्याकडे एक जर्मन आसा," मामा म्हणाले. "न्हायना धुयना, पूण भिंगां मात दिसाक तीन फावट पुसता. ताका आनीक रावपाचें आसा, म्हणून एक भिंग विकता. एक पंच्याऐंशींचें, एक एकशेंपस्तीसाचें. खंयचें जाय तें सांग. दोनूय दिवचो ना."

मुक्काम वाढवायला जर्मनाला पैसे हवे होते, पण देणार तो एकच भिंग. आता आली पंचाईत. गोकुळदासला पंच्याऐंशी बरं वाटलं की एकशेपस्तीस बरं वाटायला लागे, आणि एकशेपस्तीस ठरवून झोपला की पंच्याऐंशी स्वप्नात येई. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला. घर बांधायचं, म्हैस घ्यायची, मुलगी द्यायची, तर ज्याला विचारायचं त्यालाच हेही विचारा. देवाला प्रसाद लावा.

प्रसाद लावणं म्हणजे देवाच्या मूर्तीवर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा, आणि कुठली कळी आधी पडते ते पाहायचं. देवाला आजवर पीक, पाऊस, चोरी, मूलबाळ असं सगळं विचारून झालेलं होतं. भिंग पहिल्यांदाच. सुमंगलेचा प्रसादावर विश्वास नव्हता, पण कळी का पडते याचं तिला कुतूहल होतं, म्हणून ती सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली.

बाबली गुरवानं कळ्या लावल्या, हात जोडले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं:

"बा देवा म्हाराजा! आज ह्या गोकुळदासान तुज्या चरणाकडे गाराणें घातलां, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"तेच्या भयणीचें लग्न नाकाखातीर अडलां, म्हाराजा! थंय हरमलां दोन भिंगां आसात. पंच्याऐंशींचें घेवचें तर उजवी कळी दी, एकशेंपस्तीसाचें घेवचें तर डावी दी, म्हाराजा!"

"मिलीमीटर," सुमंगला हळूच म्हणाली.

"मिलीमीटर देवाक कळटा," बाबली मागे न बघता म्हणाला. "तूं सांगूंक नाका."

कळ्या पडेनात. उदबत्ती अर्धी झाली. उजव्या कळीला पाणी जास्त लागलं आहे आणि तिकडे वारा कमी आहे, हे सुमंगलेला दिसत होतं. तेव्हा डावी आधी सुटणार असा तिचा अंदाज होता. तेवढ्यात उदबत्तीचा धूर नाकात जाऊन गोकुळदासला अशी शिंक आली की पणती हलली आणि डावी कळी टपकन खाली आली. मग वाद. शिंक म्हणजे अपशकुन, कळी म्हणजे हुकूम, आणि शिंकेनं पडलेली कळी म्हणजे काय? बाबलीनं क्षणभर डोळे मिटले. "शिंक खंयच्यान आयली?" त्यानं विचारलं. "नाकांतल्यान. आनी गाराणें कित्याचें? नाकाचें. म्हणटकच देवानूच शिंकयलो."

एकशेपस्तीसचं भिंग आलं. चांगलं लांबट, वजनदार, काळंभोर. जर्मनाच्या भिंगाचे आटे गोकुळदासच्या कॅमेऱ्यावर बरोब्बर बसले. या सबंध प्रकरणात पहिल्या फेरीत जुळलेली वस्तू तेवढीच. गोकुळदासने संजनाला स्टुलावर बसवलं, कॅमेऱ्यातून पाहिलं, आणि त्याला तिचा एक डोळा दिसला. तो मागे सरकला. डोळा आणि अर्धी भुवई. आणखी मागे सरकला आणि पाठ भिंतीला लागली. दार उघडून पायरीवर गेला. आता एक गाल आणि कपाळ. पायरी उतरून गटारावरच्या फरशीवर उभा राहिला. चेहरा आला, पण हनुवटी नाही. नीट खांद्यापर्यंत संजना दिसावी तर गोकुळदासने रस्ता ओलांडून शांतारामबाबांच्या दुकानाच्या फळीवर उभं राहायला हवं होतं.

तो उभा राहिला. आत स्टुडिओत दिवे, स्टुलावर केसात अबोली माळलेली संजना; आणि पलीकडे कापडाच्या ताग्यांमध्ये कॅमेरा लावून तिचा भाऊ. मध्ये डिचोलीचा रस्ता. खाणीचे टिपर त्या दिवसांत डिचोलीतून मुंग्यांच्या रांगेसारखे जात. गोकुळदास "हास गे!" म्हणून ओरडला की संजना हसे, आणि तेवढ्यात मधून टिपर जाई. सबंध रीळ धुतल्यावर कळलं की त्यानं बहिणीच्या स्थळासाठी टिपरांच्या मागच्या फळ्या काढल्या आहेत, आणि एकीवर ठळक 'अंतर ठेवा' लिहिलेलं आहे. जिथं टिपर नव्हता तिथं रस्त्यात थांबून "कितें चल्लां?" असं विचारणारी माणसं होती. शांतारामबाब तर प्रत्येक वेळी गिऱ्हाइकाला कापड उलगडून दाखवताना भिंगापुढे हिरवी छीट धरत.

रस्ता पाच मिनिटं अडवायची परवानगी काढावी, असं सुमंगलेनं सुचवलं. ती स्वतःच अर्ज घेऊन कचेरीत गेली. तिथल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. वर्षभर गावात कोंकणी की मराठी यावरून चहाचे पेले आदळले जात होते, तेव्हा तोही बिचारा जपून होता.

"बाई, हें भिंग म्हणून जें बरयलां," त्यानं विचारलं, "तें कोंकणी काय मराठी?"

"जर्मन," सुमंगला म्हणाली.

कारकुनानं सुटकेचा श्वास सोडला. परवानगी द्यायला त्याची हरकत नव्हती. पण शिक्का जुना होता, त्यावर अजून केंद्रशासित लिहिलेलं होतं, आणि नवा आलेला नव्हता. "राज्य जालां, शिक्को जावंक ना," तो म्हणाला. "जुनो मारलो जाल्यार तुमची परवानगी दिल्लीक वता."

तेव्हा बिनपरवानगीची वेळ शोधली. दुपारी जेवणानंतर डिचोली दुकानांच्या फळ्या लावून आडवी होते. टिपरवालेसुद्धा झाडाखाली भाताचा डबा सोडून पेंगतात. त्या वेळी शांतारामबाबांना घोरत ठेवून गोकुळदासने त्यांच्या दारात कॅमेरा लावला. रस्त्यावर एक कुत्रं होतं, तेही झोपलेलं. ओरडून गाव उठवायला नको म्हणून त्यानं फक्त हात हलवला. संजनाला ते बघून मनापासून हसू आलं, आणि तो फोटो निघाला.

"झालं," तो म्हणाला.

"रिळात अजून जागा आहे?" सुमंगला बाजूला उभी होती. "मग आता अठ्ठावीस लावा आणि इथूनच काढा."

"इथून? मुंगी दिसेल ती!"

"दिसू दे."

गोकुळदासला बायकोचं हे 'दिसू दे' ठाऊक होतं. त्यानं मुकाट्यानं भिंग बदललं.

न्हाणीघरात काळा पडदा लावून त्यांची डार्करूम केलेली होती. तिथं सुमंगला त्याच्या शेजारी उभी राहिली. एकशेपस्तीसचा फोटो आधी पाण्यातून वर आला. नाक जिथं असावं तिथं, जेवढं असावं तेवढं. गोकुळदासने देवाला तिथूनच नमस्कार केला. मग तिनं अठ्ठावीसनं काढलेल्या फिल्मचा तुकडा लावायला सांगितला आणि त्यातली मुंगी मोठी करत करत चेहऱ्याएवढी करायला लावली. चित्र रव्यात घोळवलेल्या मासळीसारखं रवाळ झालं. पण सुमंगलेनं दोन्ही ओल्या कागदांवर पट्टी ठेवली, नाक मोजलं, कान मोजले, पुन्हा मोजले, आणि तिच्या तोंडून "अय्या!" निघालं. लग्नानंतर हा शब्द गोकुळदासने तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

"दोन्हींत सारखं आहे," ती म्हणाली. "अठ्ठावीसनंही नाक वाढलं नाही. अहो, भिंग नाक वाढवतच नाही! माणसाचं नाक कानापेक्षा चार बोटं पुढे असतं. तुम्ही हातभरावर उभे राहिलात की ती चार बोटं म्हणजे पुष्कळ झाली. नाक जवळ म्हणून मोठं, कान लांब म्हणून लहान. रस्त्यापलीकडून चार बोटांना कोण विचारतो? दोन्ही सारखेच लांब. भिंग फक्त किती मावायचं ते ठरवतं. एकशेपस्तीसनं लांबून चेहरा भरून येतो, एवढंच."

गोकुळदास बराच वेळ पाण्यात बोट फिरवत राहिला. "म्हणजे दोष अठ्ठावीसचा नव्हता."

"नव्हता."

"म्हणजे माझा?"

सुमंगला खोटं बोलत नसे. पण ती त्याची बायकोही होती. "अंतराचा," ती म्हणाली.

"मग देवानं एकशेपस्तीस का सांगितलं?"

"देवाला तुम्हांला लांब उभं करायचं होतं."

हे उत्तर गोकुळदासला पटलं, आणि सासूबाईंना तर इतकं पटलं की सून मार्गाला लागली म्हणून त्यांनी संध्याकाळी देवाला नारळ पाठवला.

सगळं आता सरळ होतं. नवा फोटो पाकिटात घालायचा आणि पेडण्याला धाडायचा. संजनानं तो पाहिला, शेजारी आपला जुना, नाकवाला फोटो ठेवला, आणि दोन्हींकडे आळीपाळीनं बघत राहिली.

"वहिनी, यातला खरा कुठला?"

गोकुळदासने बायकोकडे डोळे मोठे करून पाहिलं. सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. सुमंगलेला काय बोललं तर बरं, ते कळत होतं. पण प्रश्न तिला विचारला होता आणि प्रश्न चांगला होता.

"दोन्ही," ती म्हणाली. "हा रस्त्यापलीकडून खरा. तो हातभरावरून खरा."

"आणि लग्न झाल्यावर तो मला रस्त्यापलीकडून बघणार आहे?"

संजनानं जुना फोटो उचलून पाकिटात घातला.

"आगो, नाक बघ तें!" आई कळवळल्या.

"बघू दे त्यालाही, आई. नाही चालत म्हणाला तर मला इथंच कळेल. तिथं जाऊन कळण्यापेक्षा बरं."

तिचा आवाज ठाम होता, पण पाकीट चिकटवताना तिनं डिंक दोनदा लावला. पाकीट गेलं. मग उत्तर येईना. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, पेडण्याहून काही नाही. गोकुळदास बायकोशी तुटकपणे वागू लागला. शांतारामबाब समोरून सहानुभूतीनं बघू लागले, ते तर सोसवेना. संजनानं शुक्रवारी म्हापशाला जायचं सोडलं. सुमंगला वर्गात भिंगाच्या धड्याशी आली आणि फळ्यावर बाण काढता काढता थांबली. विचारलं तेवढ्याचं उत्तर बरोबर दिलं होतं. पण बरोबर उत्तरानं कुणाचं वाईटही होऊ शकतं, याचा धडा पुस्तकात नव्हता.

आणि मग एका रविवारी निरोप आला. श्रीनाथ आपल्या मावशीला घेऊन येतो आहे. मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, तिला नीट दिसू लागल्यावर दोघं मिळून येऊ असं ठरवून तो थांबला होता, आणि कळवायचं राहून गेलं होतं.

गोकुळदासच्या अंगात वारं आलं. आता त्याला विद्या कळली होती. त्यानं पाहुण्यांची खुर्ची दिवाणखान्याच्या एका टोकाला, पार दाराला टेकवून ठेवली. संजनाची खुर्ची दुसऱ्या टोकाला, देवघराच्या भिंतीला. मधली सगळी मेजं उचलली. उरलेला हॉल इतका मोकळा झाला की मावशीनं आत येताच विचारलं, "हांगा नाच आसा कितें?"

श्रीनाथ दाराशी बसला. संजना पलीकडे बसली. सुमंगला चहाचा ट्रे घेऊन मध्येच उभी राहिली. आधी कुणाकडेही गेली तरी तिला बरंच चालावं लागणार होतं.

"तुम्ही... शिकवता?" श्रीनाथनं विचारलं.

"काय?" संजना म्हणाली.

"शिकवता का?" तो मोठ्यानं म्हणाला.

"हायर सेकंडरीत ती वहिनी. मी बालवाडीत!"

"कुठं?"

"काय?"

मावशी कपाळावर हात मारून हसू लागल्या. श्रीनाथ उठला, आपली खुर्ची उचलली आणि पुढे आणून ठेवली. बसला, जरा अंदाज घेतला, पुन्हा उठला आणि आणखी पुढे घेतली. गोकुळदास "आहो, तिथूनच, तिथूनच बरं दिसतं..." असं काहीतरी पुटपुटत अर्धा उठला, सुमंगलेनं ट्रे त्याच्या हातात देऊन त्याला खाली बसवलं. श्रीनाथची खुर्ची आता हातभरावर आली होती.

"आता बरं," तो संजनाकडे नीट बघत म्हणाला. "ओरडून बोलायचं म्हणजे काही विचारता येत नाही."

"विचारा," संजना म्हणाली, आणि तिनं आपली खुर्ची मागे घेतली नाही.